कुपवाडमध्ये बसून परदेशातलं ड्रॉइंगचं काम: पहिला ग्राहक कुठे शोधायचा?

प्रश्न: मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सहा वर्षं डिझाइन विभागात आहे. मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकल डिप्लोमा केला. सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड चांगलं येतं. संध्याकाळी घरून परदेशातली ड्रॉइंगची कामं घ्यावीत, जमलं तर पुढे तेच करावं, असा विचार आहे. चार महिन्यांपूर्वी एका फ्रीलान्स साइटवर प्रोफाइल उघडलं, साठेक प्रस्ताव पाठवले, दर तासाला पाच डॉलर ठेवला. एकही काम नाही. इंग्रजी लिहिता येतं, बोलताना अडखळतो. आता टेलिग्रामवर एकजण म्हणतोय की बारा हजार रुपये अनामत भरा, अमेरिकन कंपनीचं सहा महिन्यांचं काम देतो. भरावेत का? नाहीतर पहिला ग्राहक मिळवायचा कसा?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर: बारा हजार भरू नका. काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. अनामत, ट्रेनिंग फी, सॉफ्टवेअर फी, नाव काहीही असो. याचाच दुसरा प्रकारही ध्यानात ठेवा: ‘ग्राहक’ ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि वरचे पैसे परत मागतो. तुम्ही परत करता आणि मग मूळ चेक वटत नाही. टेलिग्रामवरच्या त्या गृहस्थाला ब्लॉक करा आणि पुढे वाचा.

साठ प्रस्ताव वाया का गेले, हे तुमच्या पत्रातूनच दिसतं. तुमच्या प्रोफाइलवर ‘मेकॅनिकल कॅड डिझायनर, सर्व प्रकारची टूडी-थ्रीडी कामं’ असं काहीतरी असणार. अशी हजारो प्रोफाइलं आहेत. त्यात पाच डॉलरचा दर पाहून गिऱ्हाईक खूश होत नाही, बिचकतं. ड्रॉइंग चुकलं तर वर्कशॉपवाल्याचं मटेरियल जातं, व्हीएमसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचे) तास जातात आणि त्याच्या गिऱ्हाइकाला दिलेली तारीख हुकते. एवढं पणाला लागलेलं असताना ड्रॉइंगच्या बिलात वाचलेले वीस डॉलर त्याला नको असतात. त्याला पाहायचं असतं ते एकच: हा माणूस माझ्यासारख्याचं काम बरोबर करील का? तेव्हा ‘माझ्यासारख्याचं’ म्हणजे नक्की कुणाचं, हे आधी तुम्ही ठरवायचं.

आमचा सल्ला असा: एक देश, एक प्रकारचं वर्कशॉप आणि त्याचं एकच रखडलेलं काम निवडा. देश अमेरिका घ्या, आणि त्याचं कारण घड्याळात आहे. ओहायो किंवा मिशिगनमध्ये सकाळचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा असतात. तुम्ही कारखान्यातून घरी येता तेव्हा त्यांचं ऑफिस उघडतं. इंग्लंडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच, तेव्हा तुम्ही शिफ्टवर असता. (अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्या आठवड्यात ठरलेली भेट हमखास चुकते, म्हणून वेळ लिहिताना दोन्हीकडची लिहा.)

वर्कशॉप दहा ते पन्नास माणसांचं असावं. कन्व्हेयर, पॅकिंग मशीन, शेती अवजारं, अन्नप्रक्रियेची यंत्रं, पंपांचे स्पेअर पार्ट किंवा कास्टिंगचे पॅटर्न बनवणारी ही मंडळी. यांच्याकडे स्वतःचा डिझाइन विभाग नसतो, किंवा असला तर एक माणूस, तोही निवृत्तीला टेकलेला. कपाटात मात्र तीस-चाळीस वर्षांची कागदी ड्रॉइंग आणि जुन्या टूडी फाइली पडून असतात. लेझर कटिंगला किंवा सीएनसीवर जॉब टाकायचा म्हटला की थ्रीडी मॉडेल लागतं आणि ते करायला कुणाला सवड नसते. हे काम तातडीचं नसतं, त्यामुळे वर्षानुवर्षं मागे पडतं, आणि संध्याकाळी तीन तास देणाऱ्या माणसाच्या सोयीचं ठरतं ते त्याचमुळे.

यादी करताना एक मोठी चाळणी लावा. ज्या वेबसाइटवर ‘आयटार रजिस्टर्ड’ लिहिलंय ते वर्कशॉप सोडून द्या. आयटार म्हणजे अमेरिकेचे संरक्षण सामग्रीच्या निर्यातीचे नियम. त्याखालचं ड्रॉइंग परदेशी माणसाला नुसतं मेल करणं हीसुद्धा निर्यात धरली जाते आणि तिला सरकारी परवानगी लागते. अशा वर्कशॉपचा मालक तुमच्यावर कितीही खूश झाला तरी संरक्षणाचा कागद तुम्हाला देऊ शकत नाही, आणि त्यातला कोणता कागद कशात मोडतो हे निवडत बसायला त्याला वेळ नसतो. विमानाचे पार्ट बनवणारेही सुरुवातीला टाळा. नाहीतर निम्मी मेल या लोकांना जातील आणि उत्तर का येत नाही ते कधीच कळणार नाही.

आता नमुना. कारखान्यातलं एकही ड्रॉइंग पोर्टफोलिओत घालू नका, नाव-नंबर खोडूनसुद्धा नाही. ते तुमचं नाही, कारखान्याच्या गिऱ्हाइकाचं आहे, आणि जो माणूस आधीच्या मालकाचे कागद दाखवतो त्याच्या हाती कुणी आपले कागद देत नाही. त्याऐवजी हातात घेता येईल अशी एखादी वस्तू निवडा. तासगावकडच्या द्राक्षबागांत चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा एखादा माउंटिंग ब्रॅकेट चालेल, भंगारातला मोनोब्लॉक पंप उघडून त्याचं कव्हर चालेल. व्हर्नियर आणि रेडियस गेजने मापं घ्या आणि तीन गोष्टी तयार करा: एक मशिनिंगचा पार्ट, एक शीट मेटलचा, एक कास्टिंगचा. प्रत्येकाचं मॉडेल, एका पानाचं ड्रॉइंग आणि स्टेप फाइल (कुठल्याही कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी थ्रीडी फाइल). एवढं पुरे. वीस पानांचा रंगीत रेंडरिंगचा अल्बम वर्कशॉपवाला पाहत नाही.

मात्र ते एक पान अमेरिकन हवं. कागदावर व्ह्यू मांडायची पद्धत आपण शाळेपासून फर्स्ट अँगल शिकलो, युरोपातही तोच चालतो. अमेरिकेत थर्ड अँगल. टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतलं) चिन्ह न बदलता व्ह्यू टाकले तर डावा ब्रॅकेट उजवा होऊन येतो, आणि पत्रा कापून वाकवल्यावरच ते कळतं. मापं इंचात, दशांशात. त्यांच्या वाय १४.५ या मानकाप्रमाणे इंचातलं माप एकाहून लहान असेल तर दशांशचिन्हाआधी शून्य लिहीत नाहीत: .५००, ०.५०० नव्हे. मिलिमीटरमध्ये मात्र शून्य लिहितात. मागच्या शून्यांनाही अर्थ आहे. टायटल ब्लॉकमध्ये बहुधा दोन दशांश स्थळांना अधिक-उणे .०१ आणि तीन स्थळांना .००५ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे .५० च्या जागी .५०० लिहिलंत की तुम्ही टॉलरन्स निम्मा केलात आणि जॉब उगाच महाग केलात. कागद ए३ नको, त्यांचा बी साइझ घ्या, ११ बाय १७ इंच. मटेरियलच्या रकान्यात ईएन ८ किंवा एफजी २६० लिहू नका. तिकडे १०१८, १०४५, ए३६, ६०६१-टी६ अशी भाषा चालते. आटे यूएनसी-यूएनएफचे, म्हणजे त्यांच्या इंची मानकाचे. तारीख ०३/०४ अशी टाकली तर ते चार मार्च वाचतील, म्हणून महिना अक्षरात लिहा.

आणखी एक फरक, जो सहा वर्षं काम केलेल्यांनाही पुष्कळदा माहीत नसतो. वाय १४.५ मध्ये शाफ्टच्या व्यासाला दिलेला टॉलरन्स त्याच्या आकारावरही बंधन घालतो: व्यास सगळीकडे कमाल मापाला असेल तर शाफ्ट अगदी सरळ असलाच पाहिजे. आयएसओ ८०१५ या आंतरराष्ट्रीय मानकात मुळात तसं नाही, तिथे माप आणि सरळपणा वेगवेगळे धरले जातात आणि दोन्ही एकत्र हवे असतील तर ते वेगळं सांगावं लागतं. त्यामुळे ड्रॉइंगवर कोणतं मानक लागू आहे ते न लिहिणं म्हणजे अर्धं ड्रॉइंग देणं. तुमच्या नमुन्याच्या कोपऱ्यात ‘एएसएमई वाय १४.५-२०१८’ ही ओळ दिसली की जाणकार माणूस दोन मिनिटं जास्त थांबतो.

सॉफ्टवेअरचं खरंखुरं लायसन्स घ्या. क्रॅक केलेली प्रत पकडली गेली तर नोटीस तुम्हाला येते, आणि तुमच्या फाइली वापरणारा ग्राहकही अडचणीत येऊ शकतो. विद्यार्थी आवृत्तीत केलेल्या फाइलवर शिक्का उमटतो, तो पुढच्या माणसाला दिसतो. कारखान्याचं लायसन्स आणि कारखान्याचा लॅपटॉप यांना तर हातच लावायचा नाही. सॉलिडवर्क्सचा वार्षिक खर्च सध्या झेपत नसेल तर फ्रीकॅडवर सुरुवात करा. ते फुकट आहे, धंद्याच्या कामाला चालतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आल्यापासून बरंच सुधारलंय. ऑनशेपचा फुकट प्लॅन मात्र या कामाचा नाही. त्यात व्यावसायिक कामाला मनाई आहे, शिवाय तुमची डॉक्युमेंटं जगाला खुली राहतात. ग्राहकाचं ड्रॉइंग तिथे चढवणं म्हणजे त्याचा विश्वासघात. तुम्ही ज्यांना स्टेप आणि पीडीएफ देणार आहात त्यांतल्या बऱ्याच जणांना मॉडेल कशात केलं याने फरक पडत नाही. नेटिव्ह सॉलिडवर्क्स फाइल मागणारे मात्र असतात. ते पहिलं बिल वसूल झाल्यावर.

ग्राहक शोधायची सुरुवात अनोळखी लोकांपासून करू नका. मिरजेच्या तंत्रनिकेतनातले तुमच्या दोन-चार बॅच पुढचे, विलिंग्डन-वालचंदकडचे ओळखीचे, जुन्या कारखान्यातून बाहेर पडलेले सीनियर, यांपैकी परदेशात किंवा परदेशी कंपन्यांच्या पुण्याच्या ऑफिसात कोण आहे, याची यादी काढा. पंधरा-वीस नावं निघतातच. ‘काही काम असेल तर सांग’ असं त्यांना लिहू नका. त्यावर ‘नक्की सांगतो’ येतं आणि विषय संपतो. उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा: “तुमच्याकडे छोट्या व्हेंडरांची जुनी कागदी ड्रॉइंग थ्रीडीत करून घ्यायचं काम कोण बघतं? त्यांना माझा एक पानाचा नमुना पाठवला तर चालेल का?” पुण्यातल्या ज्या इंजिनिअरिंग सर्व्हिस कंपन्या परदेशी कामं घेतात त्यांनाही हेच विचारा. त्यांचा दर कमी असेल, पैसे रुपयांत येतील, पण अमेरिकन ड्रॉइंग तपासून घ्यायला कुणीतरी वर असेल. पहिल्या दोन कामांपुरतं ते शिकवणीसारखं समजा.

तुमच्या कारखान्याच्या परदेशी गिऱ्हाइकांना मात्र थेट गाठू नका. नेमणूकपत्र काढून वाचा. गोपनीयतेचं आणि गिऱ्हाइकांशी परस्पर संपर्क न करण्याचं कलम त्यात बहुधा असतं, आणि नोकरीबरोबर दुसरं काम करायला लेखी परवानगी लागते का तेही तिथेच कळेल.

मग येतात अनोळखी. चाळीस वर्कशॉपांची यादी करा, चारशेंची नको. नावं थॉमसनेट या अमेरिकन उत्पादकांच्या डिरेक्टरीत मिळतात, शिकागोला सम वर्षांच्या सप्टेंबरात भरणाऱ्या आयएमटीएस प्रदर्शनाच्या प्रदर्शकांच्या यादीत मिळतात, आणि सरळ गूगल मॅपवर एखाद्या औद्योगिक गावाचं नाव टाकून ‘मशीन शॉप’ किंवा ‘पॅटर्न शॉप’ शोधलं तरी मिळतात. एका शीटमध्ये पाच रकाने ठेवा: नाव, काय बनवतात, मालकाचं किंवा शॉप मॅनेजरचं नाव, त्यांच्या वेबसाइटवर दिसलेली एक नेमकी गोष्ट, आणि कधी लिहिलं. चौथा रकाना भरता आला नाही तर त्या वर्कशॉपला मेल करू नका. एका नावामागे वीस मिनिटं जातात आणि ती द्यावीच लागतात.

मेल पाच-सहा वाक्यांचं. मराठीत त्याचा आराखडा असा:

“नमस्कार (नाव). तुमच्या साइटवर तुम्ही १९८० च्या दशकातल्या बेल्ट कन्व्हेयरचे सुटे भाग अजून देता असं वाचलं. अशा यंत्रांची कागदी ड्रॉइंग थ्रीडी मॉडेल आणि वाय १४.५ प्रमाणे नव्या ड्रॉइंगमध्ये करून देणं हे माझं काम. मी भारतात सांगली इथे असतो, तुमच्या सकाळी आठ ते अकरा या वेळेत रोज उपलब्ध आहे. असा एक नमुना या दुव्यावर आहे. तुमच्याकडे पडून असलेलं एखादं ड्रॉइंग पाठवलंत तर किती तास आणि किती डॉलर लागतील ते दुसऱ्या दिवशी कळवतो. नको असेल तर तसं कळवा, पुन्हा लिहिणार नाही.”

खाली पूर्ण नाव आणि टपालाचा पत्ता. पत्ता आणि ‘नको’ म्हणायची सोय या दोन्ही गोष्टी अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने व्यावसायिक मेलला बंधनकारक आहेत. जर्मनीत याहून कडक आहे. तिथे अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे आधी संमती नसताना जाहिरातीचं मेल कंपनीलाही पाठवता येत नाही. तिथले ग्राहक ओळखीतून आणि प्रदर्शनांतूनच करायचे. कॅनडाचा कायदाही अमेरिकेहून कडक आहे, म्हणून तो देशही पहिल्या यादीत घेऊ नका.

पहिल्या मेलला अटॅचमेंट जोडू नका, अनोळखी पत्त्यावरून आलेली फाइल त्यांचा सर्व्हर अडवतो. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या आणि मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी लावून घ्या; नाहीतर मेल थेट स्पॅममध्ये जातं. नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी चाळीस मेल सोडली तर डोमेन बदनाम होतं. आधी दोन-तीन आठवडे ओळखीच्यांशी त्यावरून खरा पत्रव्यवहार करा, मग दिवसाला पाच. मंगळवार ते गुरुवार, त्यांच्या सकाळी. उत्तर आलं नाही तर पाच कामाच्या दिवसांनी दोन ओळी, त्यानंतर दोन आठवड्यांनी शेवटच्या दोन ओळी, आणि मग गप्प. चाळिसांतून तीन-चार जण बोलले आणि एकाने काम दिलं तर यादी चांगली होती असं समजा. कुणीच बोललं नाही तर मेलचे शब्द बदलण्याआधी चौथा रकाना तपासा. बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

फ्रीलान्स साइट बंद करायची गरज नाही, पण तिथे आठवड्याला तीनच प्रस्ताव, आणि तेही जुन्या ड्रॉइंगच्या कामांना. पेमेंट पडताळलेलं नसेल तर प्रस्ताव नाही. अपवर्क या साइटवर ठराविक रकमेचं काम असेल तर त्या टप्प्याचे (माइलस्टोनचे) पैसे जमा झालेले दिसल्याशिवाय सुरू करू नका. काम सादर केल्यावर ग्राहकाने चौदा दिवसांत काहीच केलं नाही तर पैसे आपोआप सुटतात. तासाच्या कामात त्यांचा ट्रॅकर लावला तरच पैशाची हमी मिळते. कमिशन ० ते १५ टक्के. तिथे भेटलेल्या ग्राहकाला दोन वर्षं साइटबाहेर परस्पर बिल करता येत नाही, खातं बंद होतं. फायव्हर २० टक्के कापतं, तेव्हा तिथला दर त्या हिशेबाने ठेवा.

दर ठरवताना दुसऱ्यांची प्रोफाइलं बघू नका, स्वतःचा खर्च बघा. समजा, पूर्णवेळ हेच केलं तर घरी महिन्याला ६०,००० यायला हवेत. सॉफ्टवेअर, इंटरनेट, इन्व्हर्टरची बॅटरी, कॉम्प्युटरची झीज, सीएची फी मिळून १५,०००. कर आणि गाठीला १५,०००. झाले ९०,०००. महिन्याच्या १६० तासांतले बिल लावता येतील असे सुरुवातीला ८० धरा, बाकीचे मेल, कोटेशन आणि दुरुस्त्यांत जातात. तासाला ११२५ रुपये, डॉलर ९० ला धरला तर साडेबारा. बँकेची आणि चलन बदलण्याची कापाकापी धरून १५ सांगा. ग्राहकाला मात्र तासाचा दर न सांगता कामाची रक्कम सांगा. उदाहरणार्थ आठ ड्रॉइंग: तीन साध्या प्लेट-बुश प्रत्येकी १ तास, चार मशिनिंगचे ब्रॅकेट प्रत्येकी २ तास, एक कोअर असलेलं कास्टिंग ६ तास. बेरीज १७, तपासणी आणि शंकांसाठी २० टक्के, म्हणजे साधारण २१ तास, ३१५ डॉलर. आणि सांगा की आधी यातली दोन करून देतो, ती पसंत पडली तर बाकीची. ही दोनही पैसे घेऊनच. फुकट नमुना मागणाऱ्याला तुमचा तयार नमुना दाखवा, त्याचं ड्रॉइंग फुकट करू नका. फुकट घेतलेलं काम कुणी नीट तपासत नाही आणि चूक मात्र तुमच्या नावावर राहते.

पहिलं काम आलं की मॉडेल उघडण्याआधी शंकांची यादी करा. स्कॅनवरून रेघा गिरवायच्या नाहीत, कारण स्कॅन ताणलेला असतो. लिहिलेल्या मापांवरूनच काढायचं. आणि जुन्या ड्रॉइंगांत मापं जुळत नाहीत. एकूण लांबी १४.२५० लिहिलेली असते आणि साखळीतल्या मापांची बेरीज १४.१८७ येते: एक षोडशांश इंच कुठेतरी हरवलेला. अंदाजाने एक माप बदलून पुढे गेलात तर पार्ट बसणार नाही, आणि ‘तुम्हीच बदललंत’ हे खरंच असेल. क्रमांक घालून लिहा: “शीट ३, वरचा व्ह्यू, एकूण लांबी आणि साखळी यांत .०६३ चा फरक. कोणतं धरू?” सगळ्या शंका एकाच मेलमध्ये, एकदाच. बोलताना अडखळण्याची तुमची अडचण इथे निम्मी सुटते, कारण या धंद्यात लिहिलेलंच प्रमाण असतं. कॉल झालाच तर स्क्रीनवर ड्रॉइंग उघडून बोट ठेवत बोला आणि अर्ध्या तासात पाच ओळींत काय ठरलं ते पाठवा. अस्खलित बोलणाऱ्यांतले बरेच जण हे करत नाहीत.

शीट मेटल असेल तर त्यांचा बेंड टेबल किंवा के-फॅक्टर (वाकवताना पत्रा किती ताणतो ते ठरवणारा आकडा) मागितल्याशिवाय फ्लॅट पॅटर्न, म्हणजे वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याचा आकार, देऊ नका. हिशेब पाहा: २ मिमी पत्रा, ९० अंशांचे बेंड. तुम्ही के-फॅक्टर ०.५ धरला आणि त्यांच्या प्रेसवर तो ०.४४ निघाला, तर प्रत्येक बेंडला ०.१९ मिमीचा फरक पडतो. चार बेंडांच्या बॉक्सला पाऊण मिलिमीटर. झाकण बसत नाही, आणि मॉडेल बरोबर असूनही फोन तुम्हाला येतो.

काम देताना आधी वॉटरमार्क घातलेली पीडीएफ तपासायला द्या, स्टेप आणि डीएक्सएफ (कटिंग मशीनला लागणारी टूडी फाइल) पैसे आल्यावर. पहिल्या कामाला निम्मे आगाऊ मागायला लाजू नका. पुढे तिकडच्या रिवाजाप्रमाणे ते तीस दिवसांची उधारी मागतील. दोन कामं नीट वसूल झाली की पंधरा दिवसांवर तयार व्हा. गोपनीयतेचा करार मागितला तर सही करा, पण नुकसानभरपाईचं कलम वाचा. तुमची जबाबदारी त्या कामाच्या बिलाच्या रकमेपुरती मर्यादित करून मागा, आणि उत्पादनाआधी ड्रॉइंग तपासून मंजूर करणं ग्राहकाकडे राहील हे लिहून घ्या. इमारतीचं स्ट्रक्चर, प्रेशर व्हेसल, माणसं उचलणारी यंत्रं यांच्या ड्रॉइंगवर तिथे परवानाधारक इंजिनिअरचा शिक्का लागू शकतो. तो तुमच्याकडे नाही, तेव्हा अशी कामं त्यांचा इंजिनिअर सही करणार असेल तरच घ्या.

पैसे येण्याची वाट आधी तयार ठेवा. तुमचं खातं नागरी सहकारी बँकेत असेल तर ते याला बहुधा चालणार नाही, कारण यांतल्या बहुतेकांना परकीय चलनाचा थेट व्यवहार करण्याचा परवाना नसतो. राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत जा आणि शाखेला विचारा, ‘परदेशातून पैसे कोणत्या स्विफ्ट कोडवर मागवायचे?’ सांगली-मिरजेच्या शाखांना अनेकदा स्वतःचा कोड नसतो, पुण्या-मुंबईच्या फॉरेक्स शाखेचा द्यावा लागतो. आयएफएससी देऊन परदेशातले पैसे येत नाहीत. रक्कम आली की बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे त्याचा क्रमांक, विचारते. अभियांत्रिकी सेवेचा पी१०१४. इनवर्ड रेमिटन्सचा (परदेशातून पैसे आल्याचा) कागद दर वेळी मागून फाइलला लावा. ३०० डॉलरच्या वायरमधून मधली बँक आपला वाटा कापून घेते, म्हणून लहान रकमांना पेओनियरसारखी सोय परवडते: ग्राहक अमेरिकेतल्या अमेरिकेत पैसे भरतो. पेपाल ग्राहकाला सोपं, तुम्हाला महाग, शिवाय १८० दिवसांपर्यंत ग्राहक तक्रार टाकू शकतो.

ग्राहकाचा हिशेबनीस कर-फॉर्म मागेल. सवयीने तो डब्ल्यू-९ पाठवतो. तो अमेरिकन लोकांचा, भरू नका. तुमचा डब्ल्यू-८ बेन. परदेशी कर क्रमांकाच्या जागी पॅन टाका आणि काम पूर्णपणे भारतात बसून होतं हे कळवा. अशा कामाच्या पैशातून तिथे कर कापायचा नसतो. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत फॉर्म चालतो, २०२६ मध्ये केलात तर ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत.

इकडे शॉप ॲक्टची सूचना आणि उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी करून घ्या. उद्यम सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा निर्यातीला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पुढे नोंदणी केलीत की दर आर्थिक वर्षाला आरएफडी-११ या फॉर्मवर एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरा, नाहीतर आधी १८ टक्के भरून मग परतावा मागत बसावं लागतं. प्राप्तिकरात अभियांत्रिकी व्यवसायाला अनुमानित उत्पन्नाची सवलत आहे, सीए मंडळी तिला ४४एडीए म्हणून ओळखतात: जमेच्या निम्मं उत्पन्न धरून कर, आगाऊ कर १५ मार्चच्या आत एकाच हप्त्यात. पगाराबरोबर हे कसं दाखवायचं ते सीएला पहिलं बिल करण्याआधी विचारा.

घर गावभागात किंवा नदीकाठच्या बाजूला असेल तर ग्राहकाच्या फाइलींची एक प्रत क्लाउडवर हवीच. २०१९ आणि २०२१ चं पाणी तुम्ही पाहिलेलंच आहे.

नोकरी एका ग्राहकाच्या जोरावर सोडू नका, तो कितीही भला असो. तीन वेगवेगळ्या ग्राहकांनी प्रत्येकी दोनदा काम देऊन पैसे वेळेवर दिले आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला, की तो विषय काढा. तोवर दर शुक्रवारी रात्री, त्यांची दुपार व्हायच्या आत, चालू ग्राहकाला तीन ओळी पाठवत जा: काय दिलं, कुठे उत्तर हवंय, पुढच्या आठवड्यात किती तास मोकळे आहेत. पहिली खेप त्यांच्या मशीनवरून बरोबर उतरली असं कळलं की त्याच मेलमध्ये विचारा, “तुमच्याकडे पॅटर्न किंवा पत्र्याचं काम करून देणारं दुसरं कुठलं वर्कशॉप आहे, ज्यांच्याकडे अशीच जुनी ड्रॉइंग पडून आहेत?” आणि त्यांनी नाव दिलं तर ओळख त्यांनाच मेलने करून द्यायला सांगा.